नाथांच्या घरची रीत

पैठणच्या श्रीएकनाथमहाराजांचे चरित्र म्हटले की तहानेल्या गाढवाला पाजलेली कावड आठवते, अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणारा यवन आठवतो. पण नाथ हे आधी प्रपंची गृहस्थ. त्यांचे घर कसे चालत होते, इकडे आपले लक्ष जरा कमीच जाते.

नाथ बाळपणीच आईबापांना पोरके झाले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी त्यांना वाढवले. पुढे देवगिरीस जनार्दनस्वामींची सेवा घडली आणि गुरूंच्या आज्ञेने गिरिजाबाईंशी लग्न झाले. नाथांचा दिवस ठरलेला. पहाटे नामस्मरण, मग गंगेवर स्नान (पैठणकर गोदावरीला गंगाच म्हणतात), पूजा, ग्रंथवाचन, दुपारी अतिथींसह भोजन, मग पुराण, रात्री कीर्तन. पाहुणा अवेळी आला तरी चूल पेटायचीच. नाथांच्या अन्नदानाचे आपण गोडवे गातो, पण त्या चुलीपुढे गिरिजाबाई बसल्या होत्या हे विसरून कसं चालेल?

गावबा नावाचा एक मुलगा होता. त्याला पुरणपोळीचे भारी वेड. आईने कंटाळून त्याला नाथांच्या घरी आणून सोडले. गिरिजाबाईंनी त्याला रोज पुरणपोळी वाढली. नाथांनी मंत्र द्यायला घेतला, तर पोरगं म्हणे मी एकनाथ एवढंच म्हणेन! नाथांनी तेही चालवून घेतलं.

परक्या पोराचं असं जमलं. घरच्या पोराशी मात्र बिनसलं. चिरंजीव हरिपंडित मोठे शास्त्री. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, कुणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना रुचेना. ते घर सोडून काशीस गेले. ज्या काशीत नाथांनी शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये प्राकृत भागवत पुरे केले, तीच ही काशी! नाथ स्वतः मुलाला आणायला गेले. मुलाने अटी घातल्या: प्राकृतात पुराण सांगायचे नाही, परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. पुराणाला हरिपंडित बसू लागले. श्रोते हळूहळू कमी झाले, तरी नाथ आपले मुलाचे पुराण ऐकत राहिले.

पुढे एका गरीब म्हातारीला सहस्रभोजनाचा नवस फेडायचा होता. एका नाथांना जेवू घातले की तो फिटेल, असे तिला कुणी सांगितले. अट मोडू नये म्हणून हरिपंडितांनी तिच्या घरी स्वतः स्वयंपाक केला. जेवण झाल्यावर नाथांनी त्यांनाच पत्रावळ उचलायला सांगितली. एक उचलली की खाली दुसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या, असे परंपरा सांगते. कीर्तनकार इथेच रंगतात. आमचे मन मात्र त्याच्या आधीच्या दिवसांत अडकते. मुलाच्या हट्टापायी आयुष्यभराची रीत बाजूला ठेवायची, आणि त्याच्याच समोर रोज श्रोता होऊन बसायचे, तेही तोंड वाकडे न करता. माउलींनो, हे पत्रावळींहून सोपे आहे काय?

हरिपंडित वडिलांच्या पायांवर पडले. वाड्यात पुन्हा प्राकृत पुराण सुरू झाले.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी देह ठेवला. भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आले होते. ते पुढे पुरे केले पुरणपोळीच्या गावबाने.