समजून घ्या : ‘उपेक्षा’ म्हणजे दुर्लक्ष नव्हे, धर्मानंद कोसंबी ती कशी जगले?

बीड, परळी, अंबाजोगाईच्या विहारांत पाली वंदना म्हटली जाते. त्या भाषेतला एक शब्द मराठी माणसाला हमखास चकवतो : उपेक्षा. मराठीत अर्थ दुर्लक्ष. पालीत ‘उपेक्खा’ म्हणजे लाभ-हानीत तोल न सुटणारं मन. हा फरक धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांच्या आयुष्यात दिसतो.

घर का सोडलं?
गोव्यातील सांकवाळचे कोसंबी १८९९ मध्ये ज्ञानाच्या, बुद्धाच्या ओढीने बाहेर पडले. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी. पुणे, काशी, नेपाळ करत ते १९०२ मध्ये श्रीलंकेत पोहोचले. तिथे पाली शिकले, श्रामणेर झाले.

परत का आले?
१९०६ मध्ये चीवर उतरवून ते संसारात परतले. पुढे कोलकात्यातली अधिक पगाराची नोकरी सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचं महिना ५० रुपयांचं साहाय्य स्वीकारलं. काम महाराष्ट्रात करायचं होतं. हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’वर काम केलं, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगला.

सराव कसा करायचा?
कोसंबींनी ‘समाधिमार्ग’मध्ये बौद्ध ध्यानपद्धती मराठीत आणली. ‘विसुद्धिमग्गा’नुसार आधी मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्खा शेवटी. तिचा सराव ना आवडत्या, ना नावडत्या माणसापासून सुरू होतो. मग प्रिय व्यक्ती, अखेरीस वैरी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण मैत्री वगळली तर हाती उरतं ते दुर्लक्षच. घर सोडून पुन्हा घरी परतलेल्या कोसंबींच्या वाटेवर दोन्ही अर्थ भेटतात.