रोबेर्तो रोस्सेलिनी : लेकीने आठवलेला बाप

इटलीचे नामवंत सिनेदिग्दर्शक रोबेर्तो रोस्सेलिनी यांचा जन्म ८ मे १९०६ रोजी रोम शहरात झाला. वडील बांधकामाच्या धंद्यात, घरची परिस्थिती चांगली.

मुसोलिनीच्या राजवटीत त्यांनी लष्कराच्या बाजूचे सिनेमे काढले, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९४१ सालचा त्यांचा 'पांढरं जहाज' हा सिनेमा तर नौदलाच्या इस्पितळ-जहाजावरचा. त्यात जखमी खलाशी आहेत, रेडक्रॉसची नर्स आहे. पण पुढे जर्मनांनी रोम ताब्यात घेतलं. तो जुलूम पाहिल्यावर त्यांनी १९४५ साली 'रोम ओपन सिटी' काढला. पैसा नाही, फिल्म मिळायची मारामार. तरी जमेल तसं शूटिंग केलं. त्या एका सिनेमाने त्यांचं नाव जगभर झालं.

१९४६ साली त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा रोमानो अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. मी जन्मभर नर्सिंग केलं, असं लेकरू गेल्यावर आईबापाचं काय होतं ते पाहिलंय. रोस्सेलिनींनी बर्लिनच्या पडक्या इमारतींतून भटकणाऱ्या एका मुलाची गोष्ट पडद्यावर आणली आणि तो सिनेमा रोमानोला अर्पण केला.

पुढे इन्ग्रिड बर्गमन हॉलिवूड सोडून त्यांच्याकडे आली. दोघांची आधीची लग्नं मोडली, अमेरिकेत फार गाजावाजा झाला. त्यांना एक मुलगा आणि १९५२ साली जुळ्या मुली झाल्या. त्यातली एक इझाबेला. ती पाच वर्षांची असताना हाही संसार मोडला. त्या वेळी रोस्सेलिनी नेहरूंच्या आमंत्रणावरून भारतात सिनेमा करायला आले होते. इथेच त्यांची सोनाली दासगुप्तांशी भेट झाली, आणि त्या त्यांच्याबरोबर युरोपला गेल्या. मुंबईतल्या आपल्या पिढीने ही बातमी चवीने चघळली असेल! पण त्या भानगडीत त्यांचा 'इंडिया मातृभूमी' हा सिनेमा मागे पडला.

उतारवयात त्यांनी टेलिव्हिजनसाठी सॉक्रेटिस, पास्कल अशा थोरांवर चित्रपट केले. सामान्य माणसाला ज्ञान मिळावं हाच हेतू. ३ जून १९७७ रोजी हार्ट अटॅकने ते गेले.

वडिलांच्या जन्मशताब्दीसाठी इझाबेलाने 'माय डॅड इज हंड्रेड इयर्स ओल्ड' हा छोटा सिनेमा स्वतः लिहिला. कॅनडाचे गाय मॅडिन यांनी तो दिग्दर्शित केला. फक्त सोळा-सतरा मिनिटांचा, ब्लॅक अँड व्हाइट. त्यात बाप म्हणजे नुसतं एक भलंमोठं पोट! लहानपणी ज्या पोटावर ती लोळायची, तेच. आई, हिचकॉक, फेलिनी, चॅप्लिन, सगळ्यांची सोंगं तिने स्वतःच घेतली आहेत, आणि ही मंडळी सिनेमा कसा असावा यावर वाद घालतात.

बापाने घरं मोडली, कर्ज केलं, त्याचे पुष्कळ सिनेमे लोक विसरत चालले, हे सारं तिला माहीत आहे. तो खरोखर एवढा थोर होता का, याचा निवाडा ती करत नाही. त्याच्यावर माया आहे, एवढं मात्र स्पष्ट सांगते. नातवंडांना सांगून हा सिनेमा लावून घ्या, जरूर बघा.