डॉ. रखमाबाई : संमतीचे मोल

आपल्या नियतकालिकात दरवर्षी कोणा ना कोणा थोर व्यक्तीचा परिचय येतो. यंदा मी डॉ. रखमाबाईंविषयी लिहायचे ठरवले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने डॉक्टरीणबाईंचे चरित्र का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण आमच्या अभ्यासक्रमात आहे आणि दुसरे सुरतेजवळच्या सचिन या गावी मला मिळाले. दोन्ही ओघाने येतीलच.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. त्यांच्या सुतार जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले. हे गृहस्थ विद्वान व उदार मनाचे होते. तरीही रूढीप्रमाणे अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न १९ वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. त्या मात्र सासरी नांदायला गेल्या नाहीत. माहेरीच राहून त्यांनी वाचनाचा ध्यास घेतला.

१८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. बायकोला आपल्या घरी पाठवावे, एवढेच त्यांचे मागणे होते. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अजाणत्या वयात लग्न लागले म्हणून मोठ्या झालेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध नवऱ्याच्या घरी धाडणे त्यांना न्यायाचे वाटले नाही. अपिलात हा निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली! लोकमान्य टिळकांसारखे पुढारीही त्यांच्या विरोधात उभे होते. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला.

आता अभ्यासक्रमातले कारण सांगते. आम्हाला १८७२ चा करार कायदा शिकवतात. करार करणारा सज्ञान हवा आणि त्याची संमती मुक्त हवी, हे त्यातले पहिले धडे. म्हणजे रखमाबाईंचे लग्न लागले तेव्हा धान्याच्या पोत्यांचा सौदा करायला जी अट होती, ती मुलीचा संसार ठरवायला नव्हती. या एका विचाराने मी त्यांच्या चरित्राकडे ओढली गेले.

मुंबईच्या कामा हॉस्पिटलातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्या आणि १८९५ साली सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या. बायका बाळंतपणासाठी इस्पितळाची पायरी चढायला भीत. असे सांगतात की बाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणून तिची सुखरूप सुटका केली, तेव्हा कोठे आसपासच्या बायकांची भीड चेपली. ज्या बाईला कोर्ट बळाने हलवू शकले नाही, तिने रोग्यावरही बळ चालवले नाही. आधी विश्वास मिळवला.

योगायोग असा की त्याच १८९५ सालच्या ८ नोव्हेंबरला जर्मनीत रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. माणसाचे शरीर न उघडता आत पाहता येऊ लागले.

येथे सचिनचा संबंध येतो. मुंबईहून सुरतेला जाताना सुरतेच्या अलीकडे हे स्टेशन लागते. रखमाबाईंच्या काळी ते हबशी नवाबांचे छोटे संस्थान होते. आज तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. सुरतेच्या परिसरात खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी माणसे पुष्कळ. माझी ताई लग्नानंतर सचिनलाच असते. तिची नणंद रेडिओग्राफी शिकते. सुट्टीत गेले असता मी तिची वही चाळली. यंत्राची आकृती पहिल्या पानावर असेल असे वाटले होते, पण पहिला धडा रोग्याविषयी होता.

रोग्याचे नाव आपण उच्चारू नये, त्याच्या तोंडून वदवून घ्यावे आणि चिठ्ठीशी ताडावे. घाबरलेला माणूस कोणत्याही नावाला मान डोलावतो. काय करणार ते त्याला समजेल अशा भाषेत आधी सांगावे. हात लावण्यापूर्वी विचारावे. अंग जरूर तेवढेच उघडावे, बाकी झाकलेले ठेवावे. बाईला दिवस गेले आहेत का, हे किरण सोडण्याआधी विचारावे, आणि तेही सासू किंवा नवऱ्यासमोर नव्हे, एकान्तात. कारण पोटातल्या गर्भाला किरणांचा अपाय होऊ शकतो.

तिने एका मावशींची हकीकत सांगितली. छातीचा एक्स-रे काढायचा होता आणि मावशी मंगळसूत्र उतरवायला तयार नव्हत्या. रांग खोळंबली, मागून कुरकुर सुरू झाली. हिने घाई केली नाही. धातूची पांढरी सावली फिल्मवर उमटते आणि तिच्यामागचे फुप्फुस डॉक्टरांना दिसत नाही, हे अहिराणीत समजावले. मग मावशींनी आपल्याच हाताने ते काढले व लेकीच्या मुठीत ठेवले. दोन मिनिटांत काम झाले.

भाषेचे हे महत्त्व आपल्यासारख्या दोन भाषांत वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको. श्वास रोखा म्हटलेले आजीला कळले नाही आणि ती हलली, तर फोटो पुसट येतो, पुन्हा काढावा लागतो आणि किरणांचा दुसरा मारा विनाकारण तिच्या अंगावर पडतो. तेथे उसिरु बिगि हिडिरि एवढे कानडी शब्द यंत्राइतकेच कामाचे.

सुरतेनंतर रखमाबाईंनी राजकोटच्या स्त्रियांच्या इस्पितळात अनेक वर्षे सेवा केली. १९२९ साली पडदापद्धतीविरुद्ध पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्यापैकी कोणी कारकून होईल, कोणी बँकेत जाईल, कोणी इस्पितळात. समोरचा माणूस अडलेला असतो, म्हणून तो मुकाट्याने ऐकतो. त्याच्या मुकेपणाला होकार समजू नये, हा धडा रखमाबाईंनी कोर्टात स्वतः सोसून आणि सुरतेत इतरांची सेवा करून घालून दिला. आपल्या टेबलाशी आलेल्या पहिल्या माणसापासून तो पाळता येईल.