थिबा राजाचा परदेशवास

परमुलुखात राहणे म्हणजे काय, हे रत्नागिरी जिल्ह्यास कोणी शिकवावे अशी गरज नाही. येथील माणसे गिरणीत मजुरी करण्यास मुंबईस गेली, आगबोटींवर खलाशी होऊन देशोदेशीच्या बंदरांत हिंडली आणि पुढे आखाती देशांतही जाऊन राहिली. परंतु परक्या मनुष्याने आपल्या दारी येऊन राहणे म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार आपण तितक्या आस्थेने केलेला दिसत नाही. मांडवीच्या किनाऱ्यावर हवा खाण्यास आलेला प्रवासी दुसऱ्या दिवशी टेकडीवरचा थिबा राजवाडा पाहतो, त्याच्या रंगीत काचांच्या खिडक्या वाखाणतो आणि परत जातो. त्या वाड्यातील कुटुंबाने रोजचे दिवस कसे काढले, गावाने त्यांस काय दिले व काय दिले नाही, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ती आज आम्ही घेणार आहो.

थिबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. त्याचा जन्म 1859 सालचा. तरुणपणी तो मठात राहून पाली ग्रंथांचे अध्ययन करीत असे, व त्या विद्येत त्याने परीक्षाही दिल्या होत्या. राजा मिंडॉनच्या अनेक पुत्रांपैकी हा एक. गादी त्याजकडे येईल असे फारसे कोणास वाटले नव्हते. 1878 साली दरबारातील एका पक्षाने त्यास गादीवर बसविले आणि 1879 च्या आरंभी राजघराण्यातील कित्येक जणांची राजवाड्यात कत्तल झाली. ती त्याच्या हुकुमाने झाली की त्याच्या दुबळेपणामुळे, याचा वाद इतिहासकार घालोत; तो डाग त्याच्या चरित्रावरून पुसता येणार नाही, व पुसूही नये. पुढे सागवानाच्या व्यापारातील एका इंग्रज कंपनीस त्याच्या दरबाराने जबर दंड केला, त्याचे निमित्त करून 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडालेवर स्वारी केली, आणि पंधरवड्याच्या आत राज्य संपले. 1 जानेवारी 1886 रोजी, म्हणजे नेमक्या राजाच्या वाढदिवशी, ते राज्य खालसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्या दिवशी तो सत्तावीस वर्षांचा झाला होता. काही महिने मद्रासेस ठेवून एप्रिल 1886 मध्ये त्यास, त्याच्या दोन राण्यांस व लहानग्या मुलींस जहाजाने रत्नागिरीस आणण्यात आले.

रत्नागिरीच का, याचे उत्तर तिच्या अडचणींतच आहे. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. रेल्वे नाही, ती पुढे शतकाने आली. सरळ वाट काय ती बंदराची. तीही पावसाळ्यात आगबोटी थांबल्या की बंद. कैद्यावर भिंती न बांधता त्यास कैदेत ठेवावयाचे तर याहून सोयीची जागा कोणती? मंडालेचा प्रदेश कोरडा. इकडे मृगापासून पुढे चार महिने शंभर इंचांहून अधिक पाऊस. कौलांवर अखंड सरी, भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी आणि समोर खवळलेला समुद्र. आपणांस ज्या पावसाचे कौतुक, तोच परक्याच्या छातीवर दडपण होऊन बसतो. प्रथम त्यांस साहेबलोकांच्या बंगल्यांत ठेवले होते. हवेची पहिली सवय त्यांनी तेथेच करून घेतली. किंबहुना करून घ्यावी लागली.

हवेची सवय होते, परावलंबनाची होत नाही. सरकारने मासिक नेमणूक ठरवून दिली होती, पण राजाचा हात उदार आणि हिशेबाची सवय मुळीच नाही. मंडालेहून आणलेली माणके गावातील व्यापाऱ्यांकडे एकेक करून गेली, कर्ज झाले, मग सरकारकडे अर्ज. अर्जाचे उत्तर कधी येई, कधी न येई. बंगल्याबाहेर दूर जावयाचे तर परवानगी, कोणास भेटावयाचे तर परवानगी, दारावर पोलीस. आणि घरात मात्र मंडालेची रीत! राजापुढे उभे राहावयाचे नाही, गुडघ्यांवर टेकून जावयाचे. सोबत आलेले ब्रह्मी सेवक हळूहळू मायदेशी परतले आणि त्यांच्या जागी रत्नागिरीची माणसे आली. स्वयंपाक, पाणी, मुलींची देखभाल या सर्वांत मराठी बोलणारे हात आणि मराठी बोलणारी तोंडे शिरली. राजाराणीने आपला देश उराशी घट्ट धरून ठेवला. मुली मात्र नोकरमाणसांच्या सहवासात मराठी बोलू लागल्या. नव्या मुलखाशी जुळवून घेण्याचे काम वडील मंडळींनी टाळले, म्हणून ते मुलांच्या अंगावर पडले. परदेशी राहणाऱ्या कोणत्याही घरात आजही हेच घडताना दिसते.

येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. 1856 साली ज्यांचा जन्म रत्नागिरीत झाला त्या लोकमान्य टिळकांस त्याच सरकारने 1908 साली शिक्षा देऊन मंडालेच्या तुरुंगात धाडले. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेत! टिळकांनी तेथे 'गीतारहस्य' लिहिला. 1912 साली पत्नी वारल्याची बातमी त्यांस त्याच तुरुंगात कळली. आणि 1914 साली मुदत भरताच ते परतले. तुरुंगात टिळकांस मुदत होती, कार्य होते आणि मागे वाट पाहणारा समाज होता. थिबास वाडा होता, नोकर होते, नेमणूक होती. नव्हते ते हेच तिन्ही. मनुष्यास परदेशात तगवून धरणारी गोष्ट कोणती, हे या दोन चरित्रांवरून ज्याने त्याने ठरवावे.

1910 साली टेकडीवरचा राजवाडा तयार होऊन कुटुंब तेथे राहावयास गेले. धाकटी राणी 1912 साली येथेच वारली. 1914 साली चारही राजकन्यांचा कान टोचण्याचा समारंभ ब्रह्मी पद्धतीने झाला. आपल्याकडे बारशाच्या सुमारास उरकला जाणारा हा संस्कार त्यांच्याकडे मुलगी वयात येताना मोठ्या थाटाने करतात. या मुलींचा तो झाला तेव्हा थोरलीने तिशी ओलांडली होती! राजास शोभेल असा थाट करण्यास पैसा नाही, आणि थाटाशिवाय संस्कार करणे राजास शोभत नाही, या पेचात मुलींचे तारुण्य निघून गेले. लग्नाचेही तेच. तोलामोलाचा वर रत्नागिरीत मिळणार कोठून? डिसेंबर 1916 मध्ये थिबा वारला. सत्तावीस वर्षे स्वदेशी आणि तीस वर्षे रत्नागिरीस, असा त्याच्या आयुष्याचा जमाखर्च आहे. शव ब्रह्मदेशी नेता येईल या आशेवर कुटुंबाने दोन वर्षांहून अधिक काळ त्याचे दफन होऊ दिले नाही. शेवटी 1919 साली सरकारने ते येथेच उरकले, आणि राणी सुपयालत रंगूनला परतली.

पण आमच्या मते या चरित्राचा खरा शेवट राजाच्या समाधीशी होत नाही. दुसऱ्या राजकन्येने 1917 साली आईचा रोष पत्करून स्वतः निवडलेल्या ब्रह्मी तरुणाशी लग्न केले आणि घर सोडले. थोरलीची कथा याहून कठीण. वाड्यावरील नोकर गोपाळ सावंत याच्यापासून तिला 1906 साली मुलगी झाली. तिचे नाव टूटू. गोपाळास आधीची बायकामुले होती. आईबरोबर ब्रह्मदेशी गेलेली ही राजकन्या लौकरच रत्नागिरीस परत आली, आणि 1947 साली दारिद्र्यात येथेच मरण पावली. टूटू मराठीच बोलली, मराठी घरात नांदली, कष्ट करून तिने मुले वाढविली आणि 2000 साली ती याच गावात वारली. राजवंशाचे रक्त आणि मंडालेची आठवण यांनी तिच्या चुलीत एक लाकूडही घातले नाही.

या दोघींना आधार कोणी दिला? सरकारने राजकन्येच्या अब्रूची काळजी केली, पोटाची केली नाही. राजघराण्याने कुळाचा कमीपणा पाहिला. आणि आपल्या समाजाने काय पाहिले? ज्या समाजात लग्न जातीच्या बाहेर पाऊल टाकू शकत नव्हते, तेथे वेगळ्या देशाची, वेगळ्या धर्माची बाई सन्मानाने कोणाच्या घरात शिरणार? वाड्याकडे कुतूहलाने पाहावयाचे, राजाच्या औदार्याच्या गोष्टी सांगावयाच्या आणि त्याच्या मुलीस आपल्या पंक्तीत बसविण्याची वेळ आली की मान फिरवावयाची, यास पाहुणचार म्हणत नाहीत. परक्याशी सोयरीक धरण्याचे धैर्य एका हरकाम्याच्या घरात होते. शिकल्यासवरल्या घरांत नव्हते. ही लाज ज्याची त्याने ओळखावी.

2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीस येऊन राजाच्या समाधीस वंदन केले. राजवाड्यात आज वस्तुसंग्रहालय आहे. हे सर्व योग्यच आहे. पण मेलेल्या परदेशस्थाचा मान राखणे सोपे असते. तो जेवण मागत नाही, भाड्याने खोली मागत नाही, शाळेत मुलासाठी जागा मागत नाही. जिवंत परदेशस्थ आजही आपल्यात आहेत. मच्छीमार नौकांवर जाळी ओढणारे आणि हापूसच्या बागांत रात्रीची राखण करणारे नेपाळी मजूर मांडवीपासून हाकेच्या अंतरावर दिसतात. त्यांस आपण नावाने ओळखतो काय? त्यांच्या मुलांस आपल्या मुलांशेजारी बाकावर बसवितो काय? दुखले खुपले तर त्यांची विचारपूस कोण करतो? थिबा राजास परत पाठविणे आपल्या हाती नव्हते, तो दोष सरकारचा. पण त्याच्या नातीस एकटी पडू न देणे आपल्या हाती होते, आणि या मजुरांस एकटे पडू न देणे आजही आहे. राजवाड्याची डागडुजी सरकार करील. ही दुसरी डागडुजी ज्याची त्यानेच करावयाची आहे.