बडोद्याच्या गायनशाळेचे मौलाबक्ष

वडोदऱ्यातील कारेलीबाग ही आज गजबजलेली वस्ती आहे. तिच्या एका अंगास विश्वामित्रीकाठची कमाटीबाग, दुसऱ्या अंगास फतेपुरा आणि त्यापलीकडे जुना याकुतपुरा. कमाटीबाग १८७९ साली लोकांसाठी खुली झाली. तेथील बँडस्टँडवर संस्थानचा बँड वाजे आणि वाटेने जाणारा कोणीही थांबून तो ऐकू शके. राजवाड्यातील मैफलीची गोष्ट मात्र वेगळी होती. तेथे बीनकार, ध्रुपदिये, ख्यालिये आणि तंजावरच्या नर्तकी होत्या, पण ऐकणारे निमंत्रित असत. बागेतील लोकप्रिय संगीत आणि वाड्यातील शास्त्रोक्त संगीत यांच्यामधली भिंत पाडण्याचा प्रयत्न ज्या गवयाने केला, त्याचे घर याकुतपुऱ्यात होते. त्यांचे नाव मौलाबक्ष.

मौलाबक्ष यांचा जन्म १८३३ सालचा, उत्तर हिंदुस्थानातला. तरुणपणी त्यांना कुस्तीचा नाद होता. एका चिश्ती फकिरास त्यांनी गाणे ऐकवले, तेव्हा प्रसन्न होऊन त्याने त्यांना मौलाबक्ष हे नाव दिले आणि संगीताची वाट धरण्यास सांगितले, असे त्यांच्या घराण्यात सांगितले जाते. ही वाट सोपी नव्हती. गुजरातेत घसीटखान नावाचे मोठे उस्ताद होते, पण आपली विद्या परक्यास देण्यास ते तयार नव्हते. मौलाबक्ष यांनी त्यांच्या दारावरील पहारेकऱ्याशी मैत्री केली. रात्री उस्ताद रियाजास बसले की हे बाहेर बसून ऐकत आणि ऐकलेले घरी जाऊन घोटत. एके दिवशी उस्तादांच्या कानी स्वतःचीच गायकी दुसऱ्याच्या गळ्यातून आली. चोरी उघडकीस आली, पण शिक्षेऐवजी शिष्यत्व मिळाले.

अशा कथांना घराण्यांच्या इतिहासात तोटा नाही आणि त्यांतील प्रत्येक तपशील पारखून घ्यावा लागतो. तरीही या कथेतले वास्तव नाकारता येत नाही. त्या काळी विद्या घराबाहेर जात नसे. उस्तादाची चीज ही त्याची मिळकत होती, मुलाबाळांच्या पोटाची तजवीज होती. ती कागदावर उतरवणे म्हणजे तिजोरीची किल्ली रस्त्यावर टाकणे. ज्याला दाराबाहेर बसून शिकावे लागले, त्यानेच पुढे दार उघडे ठेवावे, यात योगायोग किती आणि मनात धरलेला सल किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते सल अधिक असावा.

पुढे मौलाबक्ष दक्षिणेत गेले. म्हैसूर दरबारी त्यांनी कर्नाटक संगीताचा अभ्यास केला. उत्तरेकडील गवयाने दक्षिणेतील पद्धती शिष्य होऊन शिकावी, हे त्या काळी दुर्मीळच होते. तेथे त्यांचा राजचिन्हे देऊन गौरव झाला. स्वर आणि ताल नेमक्या नावांनी मोजण्याची, धडे पायरीपायरीने बसवण्याची दक्षिणेतील शिस्त त्यांनी जवळून पाहिली. पुढील काळात त्यांनी जे केले, त्यात या शिस्तीचा वाटा मोठा दिसतो.

बडोद्यास खंडेराव गायकवाडांच्या दरबारात त्यांचे स्वागत सरळ झाले नाही. म्हैसूरची राजचिन्हे मिरवणारा गवई दरबारी कलावंतांना खटकला. स्पर्धा लावण्यात आली. मौलाबक्ष तीत सरस ठरले, पण मन विटून बडोदे सोडून गेले, अशी घराण्याची आठवण आहे. नंतर त्यांनी हैदराबाद पाहिले, कलकत्ता पाहिले. कलकत्त्यात शौरींद्रमोहन टागोर यांनी १८७१ मध्ये संगीताची शाळा काढली होती आणि स्वरलेखनाचे वारे तेथे वाहत होते. पुण्यात गायन समाज स्थापन झाला होता. संगीत शाळेत शिकवता येते, ही कल्पना हवेत होती. तिला राजाश्रय हवा होता.

तो सयाजीरावांनी दिला. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा मुलगा १८७५ साली बडोद्यास दत्तक आला आणि १८८१ च्या अखेरीस राज्याचा कारभार हाती घेऊन बसला. सयाजीराव गाण्याचे वेडे नव्हते. त्यांना वेड होते व्यवस्थेचे. दरबारी कलावंतांचा कारखाना त्यांनी एखाद्या सरकारी खात्यासारखा चालवला. त्याला हजेरी, रजा, वेतन यांचे नियम होते. १८८० साली तंजावरच्या राजकन्येशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा तिच्याबरोबर दक्षिणी नर्तकी व वादक बडोद्यास आले आणि तेही याच खात्यात सामावले गेले. अशा राजाला नियमांनी, इयत्तांनी, पुस्तकांनी संगीत शिकवणारा माणूस हवा होता. १८८६ च्या फेब्रुवारीत गायनशाळा सुरू झाली आणि मौलाबक्ष तिचे प्रमुख झाले.

आज शाळा म्हटली की आपल्याला नवल वाटत नाही. पण त्या वेळी प्रतिष्ठित घरातील मुलाने गाणे शिकणे कमीपणाचे मानले जाई. मुलींचा तर प्रश्नच नसे. आणि उस्तादांच्या दृष्टीने ज्याची जात, घराणे, तयारी ठाऊक नाही अशा पन्नास मुलांना एकाच वेळी चीज सांगणे हा विद्येचा अपमान होता. मौलाबक्ष या दोन्ही बाजूंच्या नापसंतीत उभे होते. त्यांनी आपल्या लिपीतील स्वराक्षरे घेऊन, त्यांना सप्तकाच्या व तालाच्या खुणा जोडून स्वतःचे स्वरलेखन तयार केले. त्यात धडे लिहून क्रमिक पुस्तके छापली. १८८८ सालचे संगीतानुभव हे त्यांपैकी एक. ध्रुपद व ख्यालाबरोबर साध्या प्रार्थना आणि लोकांच्या तोंडची गीतेही त्यांनी शाळेत आणली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते १९०१ साली. बडोद्याची शाळा तोवर पंधरा वर्षांची झाली होती.

गोव्यातील वाचकाला येथे एक गोष्ट सहज जाणवेल. आपल्याकडे चर्चच्या परिसरातील शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचण्यास पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. समोर कागद ठेवून अनेकांनी एकत्र वाजवणे त्यांच्या अंगवळणी पडले होते, म्हणूनच देशभरच्या बँडपथकांत आणि वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक दिसतात. हिंदुस्थानी संगीताला कागदाची ही सवय नव्हती. एकट्या गायकाच्या प्रतिभेवर उभे असलेले हे संगीत वृंदात बसवायचे तर आधी ते लिहिता आले पाहिजे. मौलाबक्ष यांची लिपी हे त्या दिशेचे एक पाऊल होते. त्यांचे चिरंजीव अलाउद्दीन खान यांना सयाजीरावांनी पाश्चात्त्य संगीत शिकण्यासाठी लंडनला धाडले. पुढे संस्थानचे बँडमास्तर फ्रेडिलिस यांच्या हाताखाली भारतीय वाद्यांचा वृंदही बडोद्यात उभा राहिला. दरबारच्या मैफली, बागेतील बँड आणि हा वृंद अशा तीन वाटांनी एकाच शहरात संगीत वाहू लागले.

मौलाबक्ष १८९६ साली बडोद्यातच वारले. शाळा काही काळ त्यांचे चिरंजीव मुर्तुजा खान यांच्याकडे होती. याकुतपुऱ्यातील त्याच घरात १८८२ साली जन्मलेला त्यांचा नातू इनायत खान आजोबांच्या तालमीत वाढला. १९१० साली तो सागरापार गेला आणि पाश्चात्त्य जगात सूफी विचारांचा प्रवक्ता म्हणून ओळखला जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये गुप्तपणे काम करताना पकडली गेलेली आणि १९४४ साली डाखाऊच्या छळछावणीत मारली गेलेली नूर इनायत खान ही या इनायत खानांची मुलगी. मौलाबक्ष यांचे नाव आज या पणतीमुळे आणि नातवामुळेच अधिक घेतले जाते.

त्यांच्या स्वतःच्या कामाचे काय झाले? १९१६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागची प्रेरणा विष्णु नारायण भातखंडे यांची होती. पुढे बडोद्याच्या संगीतशिक्षणाची घडी भातखंड्यांच्या विचाराने नव्याने बसवण्यात आली. भातखंड्यांची स्वरलिपी सुटसुटीत होती आणि तिच्यामागे त्यांनी देशभर हिंडून जमवलेल्या शेकडो चिजांचे भांडार होते. तिच्यापुढे मौलाबक्ष यांची लिपी टिकली नाही. हे स्वाभाविक होते, पण विसर मात्र लिपीपुरता राहिला नाही. संगीतशिक्षणाचा इतिहास सांगताना आपण पलुस्कर आणि भातखंडे या दोन नावांपासून सुरुवात करतो. त्या दोघांआधी एका मुसलमान उस्तादाने, तोही घराणेदार विद्येच्या आतून येऊन, हेच काम केले होते, याचा उल्लेख अनेक पाठ्यपुस्तकांत एका ओळीत आटोपतो. संगीत घराण्यांच्या कुलपात ठेवल्याचा आरोप उस्तादांवर सरसकट केला जातो, तेव्हा तर ही ओळ अधिकच बोचते.

गायनशाळा मात्र बंद पडली नाही. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि ती विद्यापीठाचा भाग बनली. सुरसागर तलावासमोर तिचे वर्ग आजही भरतात. कारेलीबागेतील मुलेही तेथे तबला, सतार, गाणे शिकण्यास जातात. अर्ज भरला, फी भरली की प्रवेश मिळतो.