तुमच्या लॅपटॉपमधल्या ‘बायोस’ला नाव देणारा गडी, ज्याच्या हातून आयबीएमची डील निसटली

२९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं टेंभली गाव. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी गावात आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक टेंभलीच्या लोकांना मिळाले. त्या दिवशी सगळ्या चॅनलवर एकच नाव होतं, नंदुरबार.

आधार नोंदणीला लागतं काय? एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेलं बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डोळ्यांची बुबुळं टिपणारं यंत्र आणि एक कॅमेरा. आता जरा विचार करा. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की काही सेकंदांत विंडोज उघडतं आणि त्याला आपण कुठल्या मशीनवर आहोत हे माहीत असतं. रॅम किती, डिस्क कुठली, बॅटरी किती उरली, सगळं. हेच विंडोज दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवर टाका, तिथलंही सगळं त्याला कळतं.

हे त्याला सांगतं कोण?

तर मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये एक प्रोग्राम बसलेला असतो. त्याला म्हणायचं फर्मवेअर. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात पोरगं सुरुवातीलाच एफ-२ किंवा डिलीट दाबून जी स्क्रीन उघडतं, ती त्याचीच. दुकानात तिला आजही सगळे ‘बायोस’च म्हणतात. हा शब्द ज्याने रूढ केला त्या माणसाचं नाव गॅरी किल्डॉल. बिल गेट्स शाळकरी पोरालाही माहीत असतो. गॅरी मात्र कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्यांनाही बऱ्याचदा माहीत नसतो.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. घराणं दर्यावर्दी. आजोबांनी जहाज चालवायचं शिक्षण देणारी शाळा काढलेली, वडीलही तिथेच शिकवायचे. पोरानेही हेच करावं असं घरच्यांना वाटत होतं. पण गॅरी युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये गेला तो गणिताचा मास्तर व्हायला, आणि तिथे कॉम्प्युटरच्या नादी लागला. १९६३ मध्ये डोरोथी मॅक्युएनशी लग्न झालं. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात नौदलाची नोकरी करावी लागली आणि कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे नौदलाच्या पदव्युत्तर कॉलेजात तो शिकवायला लागला. म्हणजे समुद्र काही सुटला नाही. १९७२ मध्ये पीएचडी पूर्ण झाली.

याच सुमारास इंटेलने ४००४ नावाचा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला होता. ट्रॅफिक सिग्नल आणि कॅल्क्युलेटरच्या कामाची चिप, असं बहुतेकांना वाटत होतं. गॅरीला त्यात अख्खा कॉम्प्युटर दिसला. त्याने ती चिप विकत घेतली, तिच्यासाठी प्रोग्राम लिहायला सुरुवात केली आणि इंटेलचा सल्लागार झाला. १९७३ मध्ये त्याने इंटेलसाठी पीएल/एम नावाची प्रोग्रामिंग भाषा तयार केली.

मग त्याला मिळाला एक फ्लॉपी ड्राइव्ह. अडचण अशी की ड्राइव्ह आणि प्रोसेसर यांना एकमेकांशी बोलताच येत नव्हतं. जॉन टोरोड या मित्राने जोडणीचं सर्किट बनवलं आणि गॅरीने डिस्कवरच्या फाइल सांभाळणारा प्रोग्राम लिहिला. १९७४ मध्ये तो चालला. नाव ठेवलं सीपी/एम. इंटेलला दाखवला, त्यांनी रस घेतला नाही. मग नवरा-बायकोने पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकाठच्या गावात स्वतःची कंपनी काढली. नाव दिलं इंटरगॅलेक्टिक डिजिटल रिसर्च. आकाशगंगांपर्यंत जाणारं नाव नंतर छाटून नुसतं डिजिटल रिसर्च झालं. गॅरी कोड लिहायचा आणि धंदा डोरोथी बघायची.

आता येते खरी गोष्ट.

त्या काळात प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा. कुणाची डिस्क वेगळी, कुणाचा टर्मिनल वेगळा. एका मशीनसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालवायचं तर पुन्हा कोडमध्ये हात घालावा लागायचा. १९७५-७६ च्या सुमाराला इम्साई नावाच्या कंपनीला आपल्या मशीनवर सीपी/एम हवा होता. पुन्हा तेच काम करायचा गॅरीला कंटाळा आला. (जगातले निम्मे चांगले शोध कंटाळ्यातूनच लागले असावेत.) त्याने सीपी/एमचे सरळ तुकडे पाडले. हार्डवेअरशी थेट बोलणारा जेवढा भाग होता, तो बाजूला काढून वेगळा केला आणि त्याला नाव दिलं ‘बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम’. म्हणजेच बायोस.

हे समजायला तलाठी डोळ्यासमोर आणा. धडगावच्या डोंगरातल्या शेताचा बांध कुठे आहे हे तहसील कचेरीला माहीत नसतं. ते तलाठ्याला माहीत असतं. गाव सातपुड्यातलं असो की तापीकाठचं, तलाठी माहिती देतो ती ठरलेल्या नमुन्यात, सातबाऱ्यावर. कचेरीला फक्त सातबारा वाचता आला की झालं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे ती कचेरी आणि बायोस म्हणजे तलाठी. गाव बदललं तर तलाठी बदला, कचेरीला हात लावायची गरज नाही.

सीपी/एमच्या २.२ आवृत्तीत बायोसला फक्त १७ कामं नेमून दिलेली होती. कीबोर्डवरून अक्षर आण, स्क्रीनवर अक्षर टाक, डिस्कचा अमुक ट्रॅक निवड, तमुक सेक्टर वाच. त्यातलं एक काम फार महत्त्वाचं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमने एखादी डिस्क निवडायला सांगितली की बायोस त्या डिस्कच्या माहितीचा तक्ता मेमरीत कुठे आहे, तो पत्ता परत द्यायचा. एका ट्रॅकवर सेक्टर किती, डिस्कची क्षमता किती, फाइलींच्या यादीला जागा किती, हे सगळं त्या तक्त्यात. आधीच्या आवृत्त्या एका ठरावीक फ्लॉपीचं माप धरून चालायच्या. आता डिस्क कुठलीही आणा, तक्ता भरा, सीपी/एम चालू. ऑपरेटिंग सिस्टिमने हार्डवेअरबद्दल अंदाज बांधायचा नाही, खालच्या थराला विचारायचं, ही पद्धत इथे पक्की झाली.

मग काय, कंपन्यांची रांग लागली. स्वतःचा बायोस लिहायचा, वर सीपी/एम बसवायचा आणि मशीन विकायचं. भराच्या काळात सुमारे ३,००० प्रकारच्या कॉम्प्युटरवर सीपी/एम चालत होता.

१९८० मध्ये आयबीएमला घाईघाईत पर्सनल कॉम्प्युटर काढायचा होता. त्यांची माणसं आधी मायक्रोसॉफ्टकडे गेली, आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठी गेट्सने त्यांना गॅरीचा पत्ता दिला. आयबीएमवाले पॅसिफिक ग्रोव्हला पोहोचले तेव्हा गॅरी जागेवर नव्हता. स्वतःचं विमान उडवत तो एका ग्राहकाकडे गेला होता. आयबीएमने गुप्ततेचा करार पुढे केला. तो इतका एकतर्फी होता की डोरोथी आणि कंपनीचे वकील सही करायला अडले.

पुढे चाळीस वर्षं हा किस्सा असाच सांगितला गेला, की गॅरी मजा म्हणून विमान उडवत बसला आणि अब्जावधी डॉलर घालवून बसला. हे अर्धवट आहे. तो कामासाठीच गेला होता, आणि ग्राहकांशी बोलणी करणं हे तसंही डोरोथीचं खातं होतं. त्या दुपारी परतल्यावर गॅरी आयबीएमच्या माणसांना भेटला की नाही, यावर दोन्ही बाजूंचं कधीच एकमत झालं नाही. अडलं होतं ते पैशांवरही. आयबीएमला एकरकमी व्यवहार हवा होता, गॅरीला प्रत्येक कॉपीमागे रॉयल्टी.

मायक्रोसॉफ्टने संधी सोडली नाही. सिएटलच्याच एका कंपनीत टिम पॅटरसन याने सीपी/एमचं मॅन्युअल समोर ठेवून तशाच धाटणीची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती. मायक्रोसॉफ्टने आधी तिचे हक्क घेतले, मग ती विकतच घेतली आणि आयबीएमला दिली. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी बाजारात आला. गॅरीने नवी सिस्टिम पाहिली आणि आपलीच नक्कल झाली म्हणून तो चिडला. पण तेव्हा सॉफ्टवेअरच्या नकलेबद्दलचा कायदाच धड स्पष्ट नव्हता. कोर्टात जाण्याऐवजी तडजोड झाली, की आयबीएम सीपी/एमसुद्धा विकेल. विकला, पण २४० डॉलरला. शेजारी मायक्रोसॉफ्टची सिस्टिम ४० डॉलरला. लोकांनी काय घेतलं असेल, ते सांगायची गरज नाही.

गंमत म्हणजे त्या पीसीत गॅरीचा शब्द शिल्लक राहिला. आयबीएमने बायोस मदरबोर्डवरच्या कायमस्वरूपी चिपमध्ये टाकला. मेमरी किती आहे हे विचारायला एक ठरलेली हाक, कोणती उपकरणं जोडली आहेत हे विचारायला दुसरी. १९९६ मध्ये एसीपीआय नावाचे तक्ते आले. बॅटरी, पंखे, झोपेची अवस्था यांची माहिती फर्मवेअर त्यात लिहून ठेवतं आणि विंडोज किंवा लिनक्स ती वाचतं. २००५ मध्ये यूईएफआय फोरम स्थापन झालं आणि हळूहळू जुन्या बायोसची जागा यूईएफआयने घेतली. आतला कोड पूर्ण बदलला, तरी विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडलं की ‘बायोस’ नावाची ओळ आजही दिसते.

गॅरी काही कंगाल झाला नाही. विमानं, गाड्या, मोटरसायकली, सगळं होतं. १९८३ पासून तो ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या टीव्ही कार्यक्रमाचा सहनिवेदक होता आणि तिथे प्रतिस्पर्ध्यांच्या वस्तूंचंही मनापासून कौतुक करायचा. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीने अख्खा ज्ञानकोश एका सीडीवर आणला. पण डोरोथीशी संसार मोडला होता आणि दारू वाढत गेली होती. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नोव्हेलने विकत घेतली. जिथे जाईल तिथे लोक विमानाचाच किस्सा विचारायचे, आणि ते त्याच्या जिव्हारी लागायचं. आपली बाजू सांगायला त्याने आठवणी लिहून काढल्या, पण छापल्या नाहीत. जवळच्या माणसांना तेवढ्या प्रती वाटल्या.

८ जुलै १९९४ ला मॉन्टेरेतल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. तीन दिवसांनी, ११ जुलैला तो गेला. वय ५२.

त्या आठवणींचा काही भाग लोकांसमोर आला तो २०१६ मध्ये, कुटुंबाच्या परवानगीने. त्याच्या दोन वर्षं आधी पॅसिफिक ग्रोव्हमधल्या लाइटहाउस अव्हेन्यूवर, डिजिटल रिसर्चच्या जुन्या ऑफिससमोर आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेने एक पाटी बसवली. सीपी/एम इथे घडला, असं सांगणारी ती पाटी तिथल्या फुटपाथवर आहे.