पोरं सुरात गावीत म्हणून बाख २७ वर्षं लाइपझिगच्या साहेबांशी भांडत होता

आपल्याकडे उस्तादाचं नाव घेताना कानाची पाळी धरतात. पाश्चात्य संगीतात तेवढाच मान योहान सेबास्टियन बाखला आहे. पण जर्मनीतल्या लाइपझिग शहराच्या दप्तरी हा माणूस कोण होता? सेंट थॉमस शाळेचा कँटर. म्हणजे पोरांना गाणं शिकवायचं, चर्चमध्ये त्यांच्याकडून गाऊन घ्यायचं आणि वर लॅटिनही शिकवायचं. शाळेच्या उतरंडीत त्याचा नंबर तिसरा.

ही नोकरीही त्याला सहज मिळाली नाही. १७२२ मध्ये जुना कँटर वारला तेव्हा नगरपरिषदेची पहिली पसंती होती टेलेमान. त्याने लाइपझिगचा प्रस्ताव दाखवून हॅम्बुर्गमध्ये पगार वाढवून घेतला. दुसरा ग्राउपनर. त्याला त्याच्या राजाने सोडलंच नाही. मग १७२३ मध्ये नाइलाजाने बाखला बोलावलं.

आता कामाचं स्वरूप बघा. शाळेत ५० च्या वर पोरं, राहणं-खाणं तिथेच, बदल्यात गायचं. रविवारी चार चर्चना गायक पुरवायचे. बाख एकटा, तो एका वेळी एकाच चर्चमध्ये असणार. बाकीच्या ठिकाणी त्याने तयार केलेले मोठे विद्यार्थी कॉयर चालवायचे. त्यांना प्रीफेक्ट म्हणत. वर्गातला मॉनिटर असतो तसे, फक्त यांच्या हातात अख्खी प्रार्थना असायची.

सुरुवातीच्या वर्षांत बाख जवळपास दर रविवारसाठी नवा कंटाटा लिहीत होता. कंटाटा म्हणजे गायक आणि वाद्यं मिळून सादर करायची मोठी रचना. आठवडाभरात लिहायचं, घरच्यांनी आणि विद्यार्थ्यांनी नकला काढायच्या, जेमतेम तालीम, की रविवारी सकाळी सादर. राहायला घरही शाळेच्याच इमारतीत, त्यामुळे पोरांचा दंगा चोवीस तास. अशा परिस्थितीत लिहिलेलं आज जगभर वाजतंय.

पण गाणार कोण? पोरांना प्रवेश द्यायचा अधिकार परिषदेकडे होता. १७२९ मध्ये बाखने पोरांची परीक्षा घेऊन यादी दिली, तर त्याने नापास केलेल्यांतलीही काही घेतली गेली. पुढच्या वर्षी परिषदेने उलट त्याच्याच तक्रारी मांडल्या. वर्ग घेत नाही, न विचारता गावाला जातो. त्याची वरकमाई कमी करायचंही ठरलं.

बाखने ऑगस्ट १७३० मध्ये लेखी निवेदनच दिलं. त्यात रडगाणं कमी, हिशोब जास्त. एका कॉयरला किमान १२ गळे लागतात, १६ असतील तर उत्तम, म्हणजे एखादा आजारी पडला तरी अडत नाही. आणि हातात काय आहे? १७ पोरं कामाची, २० अजून तयार व्हायची, १७ बिनकामाची. परिषदेने निवेदनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दोन महिन्यांत त्याने डान्झिगच्या जुन्या मित्राला पत्र लिहून दुसरी नोकरी मिळते का ते विचारलं. त्यात एक अजब तक्रार आहे. कँटरच्या कमाईचा मोठा भाग लग्न आणि अंत्ययात्रेतल्या गाण्यातून यायचा. आदल्या वर्षी लाइपझिगची हवा इतकी चांगली होती की माणसंच कमी मेली, आणि बाखचं १०० थालरच्या वर नुकसान झालं!

नोकरी काही मिळाली नाही. १७३४ मध्ये शाळेला नवा मुख्याध्यापक आला, एर्नेस्टी. वय २७, हुशार, आणि संगीतात पोरांचा अभ्यास वाया जातो असं मानणारा. १७३६ मध्ये ठिणगी पडली. क्राउझ नावाच्या मुख्य प्रीफेक्टने दंगेखोर पोरांना जरा जास्तच बडवलं. एर्नेस्टीने त्याला सगळ्या शाळेसमोर फटके द्यायचा हुकूम काढला. बाखने रदबदली केली, उपयोग झाला नाही. क्राउझ शाळाच सोडून गेला.

त्याच्या जागी एर्नेस्टीने स्वतःच्या मर्जीने दुसरा प्रीफेक्ट नेमला. याचंही आडनाव क्राउझच. बाखचं म्हणणं, याला कॉयर चालवता येत नाही. ऑगस्टमधल्या एका रविवारी बाखने त्याला चर्चच्या गॅलरीतून हाकलून लावलं. एर्नेस्टीने पोरांना दम भरला, कँटरचं ऐकून जो क्राउझच्या जागी उभा राहील त्याला शिक्षा. मग कुणी पुढे येईना. शेवटी बाखने आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, क्रेब्सला, गाणं सांभाळायला उभं केलं. ज्या पोराने त्या दिवशी एर्नेस्टीचा शब्द पाळला, त्याला बाखने रात्री जेवणाच्या टेबलावरून उठवलं.

बाखने काही दिवसांत परिषदेला पत्रांवर पत्रं पाठवली. परिषदेने दोघांनाही समज दिली आणि क्राउझला ईस्टरपर्यंत कायम ठेवलं. मधल्या काळात बाखने सॅक्सनीच्या दरबाराकडून दरबारी संगीतकाराचा किताब मिळवला आणि तक्रार थेट राजापर्यंत नेली.

खरं तर बाखही काही गरीब गाय नव्हता. विशीत असताना, आर्नश्टाट गावात, त्याने एका विद्यार्थ्याच्या बसूनवादनाला नावं ठेवली होती. त्या पठ्ठ्याने रस्त्यात काठी उगारली तेव्हा बाखने कट्यार उपसली. पोरांशी जुळवून घे, असं तेव्हाही वरिष्ठांनी त्याला बजावलं होतं. ते त्याला आयुष्यभर जमलं नाही.

पुढे त्याचं मन शाळेतून उडालं. झिमरमनच्या कॉफीहाऊसमध्ये हौशी वादकांसोबतच्या मैफिलींत तो जास्त रमला. १७३९ मध्ये गुड फ्रायडेच्या संगीताला परवानगी नाही असा निरोप आला, तेव्हा आपल्याला त्यातून काही मिळत नाही, नुसता बोजाच आहे, असं सांगून तो मोकळा झाला.

१७४९ मध्ये त्याची नजर अधू होत चालली होती. जूनमध्ये लाइपझिगमध्ये त्याच्या जागेसाठी हारर नावाच्या उमेदवाराची चाचणीही घेऊन झाली. बाख अजून जिवंत होता आणि पुढे वर्षभर जगला. २८ जुलै १७५० ला तो गेला. बायको आना माग्डालेना शेवटी दानधर्मावर जगली आणि १७६० मध्ये वारली.

बाखला पुरलं होतं दुसऱ्याच चर्चच्या दफनभूमीत. १९५० मध्ये त्याच्या अस्थी सेंट थॉमस चर्चमध्ये आणल्या. त्या शाळेच्या पोरांचा कॉयर आजही तिथेच गातो, आणि आता तिथे प्रवेश गळा तपासूनच मिळतो.